बाकी भेटीअंती

बाईला दिवस गेले की पहिले तीन महिने त्याची वाच्यता करायची नाही, हा आमच्या साताऱ्याच्या घरातला पक्का नियम होता. तिसरा महिना लागला की दिवेलागणीनंतर माजघराचं दार लोटून घ्यायचं आणि सासूनं नाहीतर आईनं तिची ओटी भरायची. घरातल्या दोघी-तिघींखेरीज कोणाला बोलावणं नाही, शेजारी वाटीभर गोडाचं पाठवणं नाही. म्हणून ती चोरओटी. गाजावाजा व्हायचा तो सातव्या महिन्यात, डोहाळेजेवणाला. तेव्हा मग हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, बर्फी की पेढा, आणि निम्मी पेठ जेवायला.

लहानपणी मला त्यात लपाछपीची गंमत वाटायची. त्यामागचा विचार कळला तो पुढं, स्वतः संसारात पडल्यावर. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकेलच असं नसतं. नाहीच टिकला, तर त्या बाईला नळावर, देवळात, भाजीच्या पाटीपाशी दहा जणींना उत्तरं देत बसावं लागू नये. ज्यांनी ओटी भरली त्याच दोघी-तिघी तिच्या उशाशी बसत. बाकीच्यांना ‘तिला बरं नाही’ एवढं सांगितलं की पुरे होई.

माझ्या नात्यातल्या एका मुलीनं अलीकडे दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याबरोबरचा फोटो टाकला. हातात लोकरीचे इवले बूट आणि सोनोग्राफीची करडी पट्टी. दोन दिवस अभिनंदनाचा पाऊस पडला. महिन्याभरात सगळं संपलं. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) मग शेकडो लोकांना तिनं पुन्हा काय आणि कसं सांगायचं? काहींना सांगितलं, बाकीच्यांचे ‘कितवा गं?’ सोसले. पण तिला सर्वांत जास्त छळलं ते फोननं. झबली, पाळणे, बाळाच्या मालिशची तेलं यांच्या जाहिराती पुढं कित्येक दिवस तिच्या डोळ्यांसमोर येत राहिल्या. ती मला म्हणाली, “मावशी, माणसांना एकदा सांगून टाकता येतं. ह्याला कसं सांगायचं?”

तिच्या या प्रश्नानं मला मागचं बरंच काही आठवायला लावलं. आपली गोष्ट कोणाकोणाला ठाऊक आहे, हे तेव्हा आपल्याला ठाऊक असायचं. आज ते ठाऊक नसतं. आणि ही पाळी कोणी आपल्यावर जबरदस्तीनं आणलेली नाही, आपणच हौसेनं आणली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या काळी माणसाला फार खासगीपण होतं, असं मात्र कोणी समजू नये. यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये फळ्यांची भिंत, आणि फळ्यांमधल्या फटी खळ लावून चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी बुजवलेल्या. पलीकडे कोणाचा पगार लांबला, कोणाच्या मुलीला पाहून गेलेल्यांचा नकार आला, कोणाला रात्रभर दम्यानं झोप नाही, सगळं अलीकडे ऐकू यायचं. संडासला जाणाऱ्यालासुद्धा टमरेल घेऊन अख्खा चौक ओलांडावा लागे.

म्हणूनच की काय, वाड्याचे काही रिवाज होते. रात्री एखाद्या बिऱ्हाडात नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं, तर सकाळी नळावर सगळ्याजणी त्या बाईशी पाण्याची वेळ बदलल्याचं बोलत, दूधवाल्याला शिव्या घालत. रात्रीचं कोणीच काढत नसे. पुरुष दिंडी दरवाजातून आत येताना खाकरत, म्हणजे चौकात धुणं धूत बसलेल्या बायकांना पदर सावरायला अवसर मिळे. कोणाकडे उसनं मागायला कोणी आलं, की आई आम्हा मुलांना काहीतरी निमित्त काढून आगाशीवर पिटाळायची. कोणी शिकवलं होतं हे? कोणीच नाही. एवढ्याशा जागेत इतकी माणसं राहायची तर न पाहिल्यासारखं करणं भागच होतं.

शिवाय तिथलं माहीत असणं दुतर्फा होतं. शेजारच्या काकूंना आमच्या घरचं कळायचं, तसं त्यांच्या घरचं आम्हाला. कोण ऐकतंय हे दिसत होतं, आणि ऐकणाऱ्याची भीड वाटत होती. वर्षभरात नवं काहीतरी घडे आणि जुनं मागं पडे. ज्या मुलीला चार नकार आले, तिचं लग्न लागलं त्या दिवशी ते नकार अख्खा वाडा विसरून गेला.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं दुसरीही बाजू आहे. त्याच वाड्यात विधवेनं कपाळाला काय लावलं आणि कॉलेजला जाणारी मुलगी किती वाजता परतली, यावर डोळे रोखलेले असत. आणि सुनांना तर खासगी म्हणावं असं काही नव्हतंच. माझ्या आजीची धाकटी जाऊ, आमची धाकटी आजी, तेराव्या वर्षी लग्न होऊन आली. तिच्या माहेरून आलेलं पत्र आधी तिची सासू फोडायची, कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायची आणि मग तिच्या हातात द्यायची. आजीनं आणि तिच्या भावानं त्यावर तोड काढली होती. ‘तुळस बरी आहे’ म्हणजे आई बरी आहे. ‘तुळशीला पाणी सोसत नाही’ म्हणजे आई आजारी आहे, निघून ये. हे तिनंच आम्हाला म्हातारपणी सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

तिची म्हणून एकच गोष्ट होती, पत्र्याची काळी ट्रंक. झाकणावर रंगवलेली गुलाबाची फुलं, कडांचा रंग उडालेला, कडीला पितळी कुलूप. किल्ली कायम कनवटीला. आम्ही नातवंडं तिच्या अंगाखांद्यावर खेळायचो, तिच्या डब्यातले पैसे विचारून घ्यायचो, पण ट्रंकेला कोणी हात लावत नसे. ती गेली त्याच्या आधी तिनं माझ्या वडिलांना बजावलं होतं, आतला पत्रांचा गठ्ठा न सोडता बंबात घालायचा. तेरावं झाल्यावर वडिलांनी ट्रंक उघडली. एक इरकली साडी, फुलपात्र, कोणाच्या तरी हाताला येऊन मोडलेल्या बांगडीचा तुकडा, आणि तांबड्या नाडीनं बांधलेला तो गठ्ठा. मी तेव्हा कॉलेजात होते. एक तरी पत्र वाचायला मिळावं असं मला फार वाटत होतं. वडील बंबापुढं पाटावर बसले आणि गठ्ठा तसाच आत सरकवला. नाडीची गाठसुद्धा त्यांनी सोडली नाही. जन्मभर जिची पत्रं दुसऱ्यांनी फोडली, तिचा हा शेवटचा शब्द तरी पाळला गेला.

आता माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याचा फोन उघडावाच लागतो. बँकेचं, विम्याचं, विजेच्या बिलाचं सगळं त्यात. आणि त्याच खिडकीतून मग त्याचं बाकीचं आयुष्यही दिसायला लागतं. त्याचं खातं कोणी बंद केलं नाही तर पुढच्या वाढदिवसाला ‘शुभेच्छा द्या’ म्हणून आठवणही येते.

पत्रांचं निघालंच आहे तर थोडं सविस्तर लिहिते. पोस्टात तीन तऱ्हा मिळायच्या, आणि मजकूर किती झाकायचा त्याप्रमाणे तऱ्हा निवडायची. पंधरा पैशांचं कार्ड उघडं. ते पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, हे धरूनच लिहायचं. ‘आम्ही सर्व सुखरूप, चि. बाळ पास झाला, बाकी भेटीअंती.’ त्या ‘बाकी भेटीअंती’त काय काय मावलेलं असे! जावयाची दारू, भावाभावांतली वाटणी, ठरत आलेलं लग्न. थोडं जास्त लिहायचं असेल तर निळं आंतरदेशीय, घड्या घालून कडेचा डिंक ओला करून चिकटवलेलं. आणि अगदीच नाजूक काही असेल तर पाकीट. सहा पैशांच्या शाईपासून सगळ्यात काटकसर करणारे माझे वडील अशा वेळी मात्र पाकिटाला मागंपुढं पाहत नसत.

त्या बंद पाकिटाची देशालाही किती चाड होती, ते १९८६ साली दिसलं. टपाल अडवण्याचे, उघडून पाहण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, आणि तो कायदा कधीच झाला नाही. तेव्हा आमच्या घरी जेवताना या विषयावर वादावादी झाल्याचं मला आठवतं. सरकारनं आपली पत्रं वाचायची म्हणजे काय, असा संताप शाळामास्तर असलेल्या माझ्या काकांना आला होता. त्यांच्या पत्रांत सरकारनं वाचण्यासारखं काहीही नव्हतं. तरीही आला होता.

आजचं पाकीट तांत्रिकदृष्ट्या तेव्हापेक्षा भक्कम आहे, हेही सांगायला हवं. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कोणाला वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. पण कोणी कोणाला, केव्हा, किती वेळा निरोप धाडले, हे कळतं. त्याहून मोठी भगदाडं आपण आपल्या हातानं पाडतो. बहिणीनं मन मोकळं करून लिहिलेल्या चार ओळींचा स्क्रीनशॉट दोन मिनिटांत भावजयीकडे जातो. जे खरोखर पाकिटात जायचं, ते आपण स्टेटसवर लावतो. भांडणानंतर ‘काही लोकांना किती जीव लावला तरी’ असलं काहीतरी लिहिलेलं स्टेटस मी पाहते तेव्हा वाटतं, अगं, हे तू तिच्या घरी जाऊन का नाही बोललीस? भेटीअंती बोलायचं सगळं आपण कार्डावरच लिहायला लागलो आहोत.

टेलिफोनचीही एक गोष्ट सांगते. आमच्या घरी फोन नव्हता. नातेवाइकांकडे आमचा नंबर म्हणून शेजारच्या वकिलांचा नंबर होता, पुढं कंसात पी. पी. लिहिलेला. मुंबईहून फोन आला की वकिलीणबाईंचा मुलगा हाक मारत यायचा आणि आम्ही धावत जायचो. फोन त्यांच्या बैठकीत, म्हणजे सगळ्यांच्या मधोमध. पण आई रिसीव्हर उचलायची तेव्हा वकिलीणबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागत, आणि वकील रेडिओचा आवाज मोठा करत. पुढं एस.टी.डी.चे पिवळे बूथ आले. रात्री दर उतरल्यावर तिथं रांग लागे. काचेच्या खोक्यात उभं राहून नवी लग्न झालेली मुलगी माहेरी बोलताना रडायची, आणि रांगेतली माणसं पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहायची.

फोटोंचं तर सांगायलाच नको. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा. लग्नाचा अल्बम जाड काळ्या पानांचा, दोन पानांच्या मध्ये कुरकुरणारा पातळ कागद. तो गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली असायचा. पाहुणे आले, चहा झाला, आणि ते तसे जवळचे असले, की बाहेर निघायचा. दाखवणारा शेजारी बसून बोट ठेवत जायचा, ‘ही आत्या, हा तिचा मोठा.’ माझ्या भावाचा पाटावर बसून आंघोळ करतानाचा उघडाबंब फोटो त्यात होता. तो मोठा झाल्यावर त्यानं आईला सांगितलं, हा काढ. आईनं काढला, आणि तो खरोखरच निघाला. जगात त्याची तेवढीच एक प्रत होती.

ऑर्कुट आलं तेव्हा मी चाळिशीत होते. २००४ मध्ये सुरू झालेलं ते २०१४च्या सप्टेंबरअखेर बंद पडलं, पण त्याआधी त्यानं मला शाळेच्या मैत्रिणी परत मिळवून दिल्या. एक कॅलिफोर्नियात, एक इंदूरला, एक चक्क माझ्या पुढच्या गल्लीत. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही एकमेकींना लिहायचो. त्या आनंदाला मी आजही नावं ठेवणार नाही. आणि ऑर्कुटची एक सोय मला वाड्यासारखी वाटायची: आपल्या पानावर कोण डोकावून गेलं, ते तिथं दिसायचं. पुढच्या बहुतेक माध्यमांनी ती सोय ठेवली नाही. बघणारा अंधारात आणि आपण दिव्याखाली, अशी बैठक तेव्हापासून बसली.

कोण बघतं, याचा अंदाज २०१८ साली आला. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती जगभरातल्या कोट्यवधी फेसबुककरांची माहिती गेल्याचं उघड झालं. त्यातला भारताचा आकडा फेसबुकनंच दिला होता, आणि तो मी विसरू शकत नाही. त्या माहिती गोळा करणाऱ्या ॲपला भारतातल्या अवघ्या ३३५ जणांनी परवानगी दिली होती. पण त्यांचे मित्र, नातेवाईक मिळून सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. या साडेपाच लाखांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांचा संबंध एवढाच, की त्यांची त्या ३३५ पैकी कोणाशी तरी मैत्री होती.

तरीही माणसं स्वतःला असं उघडं का करतात, हे मला कळतं. माझ्या मोठ्या वहिनी कोथरूडला चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा सिॲटलला. रोज सकाळी त्या दाराबाहेरच्या फरशीवर हातभर रांगोळी काढतात, फोटो काढून स्टेटसला लावतात, आणि दुपारी कोणी कोणी बघितलं ती यादी वाचतात. “आज नागपूरच्या सुमनवन्संनीपण बघितली,” असं त्या मला फोनवर सांगतात. वाड्यात रांगोळी काढली की येणारा-जाणारा थांबायचा, ‘आज मोर का?’ म्हणायचा. चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरणारा माणूस फोनमध्ये बघत आपल्या दारात शिरतो. मग वहिनींनी त्यांची रांगोळी दाखवायची कोणाला? नवी साडी, मुलाचा निकाल, साधलेला पुरणपोळीचा बेत, हे कोणीतरी पाहावं ही भूक काही कालची नाही. घरं बंद झाली, दारांना आतून लॅच लागले, आणि भूक तशीच राहिली. कंपन्यांनी ती अचूक ओळखली.

पण रांगोळी दाखवणं वेगळं आणि घराला कुलूप असल्याची दवंडी पिटणं वेगळं. पूर्वी गावाला जायचं तर एका शेजाऱ्याला सांगायचं, किल्ली द्यायची, तुळशीला पाणी घालायला विनवायचं आणि रात्री ओसरीचा दिवा लावायला. आज विमानतळावरूनच फोटो पडतो, ‘आठ दिवस काश्मीर!’ सुट्ट्यांच्या दिवसांत असं करू नका म्हणून पोलीस परोपरीनं सांगत असतात.

स्वतःचं स्वतः देऊन टाकणाऱ्याशी मी भांडायला जाणार नाही. माझा जीव तुटतो तो दुसऱ्याचं देऊन टाकलं जातं तेव्हा. आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. करारी, नीटनेटके. दारावर कुरिअरवाला आला तरी सदऱ्याची वरची गुंडी लावून मग कडी काढणारे. शेवटच्या आजारपणात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. सकाळी फोन उघडते तो त्यांचा फोटो. अंगावर रुग्णालयाचा तो मागून बांधायचा झगा, तोंडात नळी, कवळी काढलेली, गालफडं आत गेलेली. खाली मुलानं लिहिलं होतं, ‘बाबांसाठी प्रार्थना करा.’ मुलाचं बापावर अतोनात प्रेम होतं, मी पाहिलेलं आहे. तो दिवसरात्र तिथं बाकावर बसून होता. पण डोळे मिटून पडलेल्या त्या माणसाला विचारलं असतं, तर त्यानं हा फोटो कोणाला पाहू दिला असता? पूर्वी आजाऱ्याला भेटायला गेलेल्याला बाहेर थांबवायचे. आत जाऊन कोणीतरी चादर नीट करायचं, केसांवरून हात फिरवायचं, आणि मग ‘या’ म्हणायचे.

कायद्यात आपल्या बाजूनं बरंच काही झालं आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे. वयाच्या शहाऐंशीच्या आसपास असताना या गृहस्थांनी ती याचिका केली होती. ती पिढी पत्रांवर वाढलेली होती, आणि आपलं काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा आला. तो वाचताना दोन ठिकाणी मी थांबले. एक म्हणजे, जी माहिती माणसानं स्वतःहून जाहीर केली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. आपण चव्हाट्यावर मांडलं, ते चव्हाट्याचं झालं. दुसरं मुलांविषयी. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीनं आईवडिलांची पडताळून घेतलेली संमती मिळवायची, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, अशी त्यात चांगली कलमं आहेत. पण मुलाचं सगळं जगापुढं मांडणारे आईवडीलच असतील तर? संमती त्यांनी कोणाकडे मागायची? फ्रान्सनं २०२४च्या फेब्रुवारीत त्यासाठी कायदा केला, की मुलाच्या छबीवरचा हक्क जपणं ही दोन्ही पालकांची जबाबदारी आहे. आपल्याकडे अजून ते घरातल्या समजुतीवरच आहे.

आणि घरातली समजूत कमी पडते. जन्मल्याबरोबर रुग्णालयाच्या पट्टीसकट फोटो. पाळण्यातलं नाव, पूर्ण जन्मतारीख, वेळ. शाळेचा पहिला दिवस, मागं शाळेची पाटी, गणवेशावर बिल्ला. बस कोणत्या थांब्यावर येते तेही. मूल रांगायला लागायच्या आत त्याची सगळी कुंडली परक्यांच्या हाती असते. आमच्या आया बाळाला चारचौघांत नेताना गालावर काजळाची तीट लावत, इतक्या नजरा बाळाला सोसणार नाहीत म्हणून. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण लेकराकडं किती जणांनी बघावं याला काही माप असावं, हे त्या बायांना वाटत होतं आणि मलाही वाटतं.

माझ्या भाचीची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती चार वर्षांची असताना शाळेच्या दारात भोकाड पसरून रडली होती, आणि रडता रडता ‘मला शी लागली’ म्हणाली होती. भाचीनं तो व्हिडिओ काढला, टाकला. नातेवाइकांनी डोक्यावर घेतला. सहा वर्षं तो तिथंच होता. गेल्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या तो नजरेस पडला आणि वर्गाच्या ग्रुपवर फिरला. पोर आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हती. (हेही मी तिला विचारून लिहिते आहे. शहराचं नाव तिनं गाळायला सांगितलं.) तिनं आईशी भांडण केलं नाही. फक्त विचारलं, “तो माझा होता ना? मग मला का नाही विचारलंस?”

भाचीनं त्याच रात्री व्हिडिओ काढून टाकला. मग दोघींनी बसून यादी केली, की तो कोणाकोणाच्या फोनमध्ये उतरलेला असेल. आत्या, मामा, आजोबांचा सकाळी फिरायला जाणारा ग्रुप, आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. फोन मुलीनं स्वतः केले. बहुतेकांनी लगेच पुसला, काहींनी तिची माफीही मागितली. आता भाची प्रत्येक फोटो आधी तिला दाखवते, आणि ती एकेकाचा निवाडा करते: हा चालेल, हा फक्त पणजीला पाठव, हा कोणालाच नको. यादीतलं एक नाव अजून राहिलं आहे. नात्यातल्या एक आजी, प्रेमळ, पुष्कळ दूर राहणाऱ्या. त्यांना पोरीनं तीनदा सांगून झालं. “अगं, किती गोड दिसतेस त्यात! मी एकटी असले की लावून बघते,” असं म्हणून त्या प्रत्येक वेळी विषय बदलतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे. समोर बसून सांगितलं तर ऐकतील, असं तिला वाटतं.